गातंय कोण?

भोरच्या राजवाड्यात शूटिंग लागलं की बातमी गावात लपून राहत नाही. सकाळी जनरेटरची गाडी दिसली की दुपारपर्यंत बघ्यांची गर्दी जमलेली असते. अशाच एका गर्दीत मी नऊ वर्षांच्या भाचीला घेऊन उभा होतो. नऊवारीतली नायिका जिन्याच्या पायऱ्या उतरत होती आणि मोठ्या स्पीकरवर गाणं वाजत होतं. दोन ओळी झाल्या असतील, तेवढ्यात कोणीतरी ‘कट’ म्हणून ओरडलं. गाणं शब्दाच्या मधोमध तुटलं, पण नायिकेचे ओठ पुढची अर्धी ओळ हलत राहिले. भाचीने माझा हात ओढला. “मामा, ही गातच नाहीये! मग गातंय कोण?”

आजच्या सिनेमापुरतं उत्तर सोपं आहे. गाणं आधीच दुसऱ्या कोणीतरी स्टुडिओत गाऊन ठेवलेलं असतं. शूटिंगच्या वेळी ते वाजवायचं आणि नटीने त्यावर ओठ हलवायचे, याला आपण पार्श्वगायन म्हणतो. पण मराठी बोलपट सुरू झाला तेव्हा ही सोय नव्हती. पडद्यावर जो चेहरा दिसायचा, त्याच गळ्यातून गाणं निघायचं. त्या काळाची सगळ्यात तेजस्वी खूण म्हणजे शांता आपटे. भोरकरांना त्यांच्या एका भूमिकेचं नाव ऐकून गंमत वाटेल. ‘कुंकू’ या १९३७च्या चित्रपटात त्यांनी साकारलेल्या नायिकेचं नाव आहे नीरा, म्हणजे भोरच्या कुशीतून वाहणाऱ्या नदीचंच.

शांताबाईंचं मोठेपण समजून घ्यायचं, तर त्यांच्या काळात गाणं फिल्मवर उतरायचं कसं, हे आधी समजून घ्यावं लागतं. त्यांची कला आणि त्या काळचं यंत्र या दोन गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत.

नाटकाकडून आलेला गळा

‘आलम आरा’ हा हिंदी बोलपट १४ मार्च १९३१ रोजी मुंबईत झळकला. पुढच्याच वर्षी प्रभात फिल्म कंपनीने ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट आणला. मूकपट एकाएकी बोलू लागला, आणि बोलू लागताच गाऊही लागला.

मराठी प्रेक्षकाला त्यात काही नवल वाटलं नाही. त्याच्या कानावर पन्नास वर्षं संगीत नाटकाचे संस्कार झाले होते. रंगभूमीवर जो नट संवाद म्हणतो तोच पद गातो, आणि बाजूला ऑर्गन-तबला साथीला असतो, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं. साहजिकच सिनेमाकडूनही त्याने तेच मागितलं. रूप असून गळा नसलेल्या नटीची पंचाईत झाली आणि गळा असलेल्या मुलींसाठी दार उघडलं.

त्या दारातून आलेल्या मुलींपैकी एक शांता आपटे. जन्म १९१६चा, अक्कलकोटजवळच्या दुधनीचा. गाण्याचं शिक्षण पंढरपुरात झालं. भालजी पेंढारकरांच्या ‘श्यामसुंदर’ (१९३२) या बोलपटात त्या राधा झाल्या, तेव्हा त्यांचं वय सोळाच्या आसपास होतं. हा चित्रपट मुंबईत सलग २५ आठवड्यांहून अधिक चालला. आपल्याकडे रौप्यमहोत्सव ही कल्पना रुजली ती अशा चित्रपटांमुळे.

आवाज फिल्मवर बसतो कसा?

त्या काळी टेप नव्हती, मग संगणक कुठला असणार! आवाज साठवायचा तो प्रकाशाच्या रूपात आणि तोही फिल्मवरच.

वेल्ह्याकडच्या एखाद्या कौलारू घरात दुपारी बसलो आहोत असं समजू. दार लोटलेलं आहे आणि फटीतून कवडसा आत आला आहे. वाऱ्याने दार हललं की फट कमी-जास्त होते आणि जमिनीवरची उजेडाची पट्टी बारीक-जाड होते. आता त्या पट्टीखालून उन्हाने काळा पडणारा एक लांब कागद एकसारख्या वेगाने सरकवत नेला, तर दाराची प्रत्येक हालचाल त्यावर नक्षीसारखी उमटत जाईल. दार किती हललं, केव्हा हललं, याची ती नोंदवहीच होईल.

बोलपटाचं ध्वनिमुद्रण याच तत्त्वावर चालायचं, फक्त दार हलवण्याचं काम वाऱ्याऐवजी गाणारीचा आवाज करायचा.

१. गळ्यातून निघालेला आवाज मायक्रोफोनच्या पातळ पडद्याला थरथरवतो.
२. त्या थरथरीची वीज बनते. आवाज चढला की वीज जोरात हेलकावते, आवाज उतरला की मंद होते.
३. ही वीज एका बारीक फटीतून येणारा उजेड कमी-जास्त करते.
४. तो उजेड धावत्या फिल्मवर पडतो आणि तिच्या कडेला आवाजाची उभी रेघ उमटते.

थिएटरात नेमकी उलटी वाट चालायची. प्रोजेक्टरमधल्या छोट्या दिव्याचा उजेड त्या रेघेतून आरपार जातो. पलीकडे प्रकाश पडला की वीज सोडणारी एक काचेची नळी बसवलेली असते. रेघेप्रमाणे उजेड बदलतो, उजेडाप्रमाणे वीज बदलते, आणि ती मोठी करून स्पीकरला दिली की पडद्यामागून गाणं ऐकू येतं. पश्चिम महाराष्ट्राच्या जत्रांमधून फिरणाऱ्या तंबूतल्या सिनेमालाही हाच हिशोब लागू होता.

ओठ इथे, शब्द तिथे

जुन्या फिल्मची पट्टी हातात धरून पाहिली तर एक अजब गोष्ट लक्षात येते. नटीच्या ओठांवर जो शब्द दिसतो, त्या शब्दाचा आवाज त्याच चौकटीशेजारी नसतो. तो सुमारे २० चौकटी पुढे, म्हणजे हातभरापेक्षा थोड्या कमी अंतरावर असतो.

शिलाई मशीन आठवलं की हे लगेच उलगडतं. सुई वर असते तेव्हा कापड सरकतं, सुई खाली आली की थांबतं. प्रोजेक्टरमध्ये चित्राची फिल्मही तशीच चालते, एक चौकट थांबली, दिसली, की पुढची. असं सेकंदाला २४ वेळा होतं. चित्राला हे थांबणं हवंच असतं, नाहीतर पडद्यावर सगळं पुसट दिसेल. आवाजाला मात्र असा हिसका चालत नाही. तानेच्या मध्ये सेकंदाला २४ वेळा अडखळलं तर गाण्याचा चिखल होईल. म्हणून फिल्म आधी भिंगासमोरून थांबत-थांबत जाते, मग रुळांवरून वळते, तिथे तिचा हिसका जिरतो, आणि संथ झाल्यावरच ती आवाजाच्या दिव्यासमोर येते. चित्र आणि आवाज यांच्या जागांत हे जे अंतर आहे, तेच पट्टीवर राखलेलं असतं.

शूटिंगच्या वेळी तर आवाजासाठी वेगळी फिल्म आणि वेगळं यंत्र असायचं. दोन्हींचा मेळ पुढे कसा घालायचा? त्यासाठी पाटी. भोरच्या पोरांना ती चांगली ओळखीची आहे, कारण प्रत्येक शॉटआधी कोणीतरी कॅमेऱ्यासमोर ती ‘टक्’ करून आपटतो. एका फिल्मवर पाटी मिटलेली दिसते, दुसऱ्या फिल्मवर ‘टक्’ची रेघ सापडते. त्या दोन खुणा जुळवल्या की पुढचं सगळं जुळतं.

हे लक्षात ठेवायचं ते अशासाठी, की ओठ आणि आवाज यंत्राच्या आत पहिल्यापासूनच वेगळे होते. एकत्र होते ते फक्त माणसात.

माईक एक, माणसं अनेक

सेटवर गाणं चित्रित करताना काय चालायचं ते आता पाहू. कॅमेरा दाणे दळल्यासारखा घरघरायचा, म्हणून त्याला जाड पेटीत कोंडावं लागे. मायक्रोफोन चौकटीत दिसता कामा नये आणि नटीपासून लांबही जाता कामा नये. साथीदार कॅमेऱ्याच्या कक्षेबाहेर, सेटच्या आडोशाला बसायचे. आज गळा, तबला, सारंगी वेगवेगळी ध्वनिमुद्रित करून नंतर कमी-जास्त करता येतात. तेव्हा तशी मुभा नव्हती. तबला जड वाटला तर तबलजीला चार पावलं मागे बसवायचं, सारंगी हवी तर पुढे बोलवायचं. पावलांचं अंतर हेच आवाज कमी-जास्त करायचं बटण.

नटीवर यातून येणारं ओझं डोळ्यांपुढे आणा. तिने दिलेल्या जागेवर उभं राहायचं, दिव्यांच्या धगीत चेहरा प्रसन्न ठेवायचा, सूर-ताल सांभाळायचा, शब्द स्पष्ट म्हणायचे आणि भूमिकेत राहायचं, सगळं एकाच वेळी. एक सूर घसरला, साथीदारांपैकी कोणी खोकलं, की पुन्हा पहिल्यापासून. वाया गेलेल्या फिल्मचे पैसे डोळ्यांसमोर दिसायचे. त्यामुळे बऱ्याच गाणाऱ्या नट-नट्या गाणं आलं की जागच्या जागी खिळून उभ्या राहत. आधी गाणं नीट होऊ दे, अभिनय मागाहून, असा हिशोब असायचा.

शांताबाईंनी काय केलं?

त्यांनी तो हिशोब मोडला. प्रभात कंपनी १९३३मध्ये कोल्हापूरहून पुण्यात आली. नव्या स्टुडिओतला पहिला चित्रपट ‘अमृतमंथन’ (१९३४) व्ही. शांताराम यांनी दिग्दर्शित केला, आणि त्यात शांताबाई होत्या. पुढे ‘अमरज्योती’ (१९३६), ‘कुंकू’ (१९३७), ‘गोपालकृष्ण’ (१९३८) असा त्यांचा प्रभातमधला प्रवास झाला. यांतले बहुतेक चित्रपट मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत बनत. बहुतेक वेळा तोच प्रसंग दोन्ही भाषांत दोनदा चित्रित व्हायचा. म्हणजे वर सांगितलेली सगळी कसरतही दुप्पट.

तरीही पडद्यावर त्या अवघडलेल्या दिसत नाहीत. गाताना त्यांचे डोळे फिरतात, हात शब्दाबरोबर जातात, मान तालाला होकार देते. घरात काम करता-करता एखादी मुलगी गुणगुणते, तितकं सहज त्यांचं गाणं वाटतं. नाटकातलं पद प्रेक्षकांकडे तोंड करून म्हटलं जायचं, शांताबाईंचं गाणं त्या भूमिकेचं स्वतःशी चाललेलं बोलणं होतं. पदाचं सिनेगीत झालं ते या बदलामुळे, आणि तो घडवणाऱ्यांत त्यांचा वाटा फार मोठा आहे.

‘कुंकू’ : पार्श्वसंगीत नसलेला चित्रपट

नारायण हरी आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर ‘कुंकू’ बेतला आहे. आई-बाप नसलेल्या नीराचं लग्न तिला फसवून एका म्हाताऱ्या विधुर वकिलाशी, काकासाहेबांशी लावून दिलं जातं. नीरा रडत बसत नाही आणि पळूनही जात नाही. ‘हे लग्न मला मान्य नाही’ हे ती त्याच घरात राहून, रोजच्या वागण्यातून सांगत राहते. अंगचटीला येणाऱ्या सावत्र मुलाला ती छडीने फोडून काढते. काकासाहेबांच्या भूमिकेत केशवराव दाते आहेत. नीराची बाजू घेणाऱ्या, काकासाहेबांच्या विधवा, समाजकार्य करणाऱ्या मुलीच्या भूमिकेत शकुंतला परांजपे आहेत.

या चित्रपटात शांताराम आणि संगीतकार केशवराव भोळे यांनी एक धाडस केलं. त्यांनी पार्श्वसंगीत वापरलंच नाही. आपण नेहमी पाहतो त्या चित्रपटात दुःख आलं की सारंगी रडते, संकट आलं की ढोल घुमतो. खरं तर घरात भांडण होतं तेव्हा सारंगी कुठे वाजत असते? तिथे घड्याळाची टिकटिक असते, भांडं पडल्याचा आवाज असतो, दाराची करकर असते. ‘कुंकू’मध्ये असेच आवाज आहेत, ज्यांचा उगम त्या प्रसंगातच आहे.

जेवणाच्या उदाहरणाने सांगायचं तर पार्श्वसंगीत म्हणजे मसाला. भाजी बेताची असली तरी मसाला तिला तारून नेतो. मसाला काढून घेतला की भाजीची खरी चव कळते. ‘कुंकू’मधल्या शांततेत शांताबाईंना वाचवायला कोणतंही वाद्य धावून येत नाही. प्रसंगाचा सगळा भार त्यांच्या नजरेवर आणि आवाजावर येतो, आणि त्या तो पेलतात. शिकलेली, स्वतःचा विचार असलेली मुलगी म्हणून ही नीरा लाँगफेलो या अमेरिकन कवीची इंग्रजी कविताही गाते. १९३७ साली मराठी सिनेमाच्या नायिकेने इंग्रजी कविता गावी, आणि तीही स्वतःच्या गळ्याने, हे तेव्हाच्या प्रेक्षकाला किती नवं वाटलं असेल याची कल्पना आपण करू शकतो.

स्टुडिओच्या फाटकावर

त्या काळी नट-नट्या स्टुडिओच्या पगारावर असत. कराराने बांधलेल्या माणसाला कोणतं काम घ्यावं, बाहेर जावं की नाही, हे स्वतः ठरवता येत नसे. नीराची नकार देण्याची हिंमत शांताबाईंमध्ये मुळातच होती. प्रभातशी कराराच्या अटींवरून मतभेद झाले तेव्हा १९३९मध्ये त्यांनी थेट स्टुडिओच्या फाटकावर उपोषण केलं. चित्रपटाच्या नायिकेने अशी उघड दाद मागणं तोवर ऐकिवात नव्हतं.

पुढच्या वर्षी त्यांचं ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक आलं. नटीच्या पुस्तकाकडून लोक झगमगाटाच्या गोष्टींची अपेक्षा करतात. शांताबाईंनी त्यात सिनेमाधंद्याचा आतला कारभार मांडला आणि नट-नटीही कष्ट करून पोट भरणारी माणसं आहेत हे ठणकावून सांगितलं. पुस्तकाचं नाव प्रश्नार्थक आहे, कारण तो प्रश्न घरोघरच्या मुलींच्या मनात होता. त्यांना बहकवणारं किंवा घाबरवणारं उत्तर देण्याऐवजी माहिती देणारं उत्तर द्यावं, असं त्यांना वाटलं. मला त्यांच्या गाण्याइतकंच हे पुस्तकही मोलाचं वाटतं.

प्रभातनंतर त्यांची वाट महाराष्ट्राबाहेरही गेली. १९४१च्या तमिळ ‘सावित्री’त त्या सावित्री झाल्या आणि एम. एस. सुब्बुलक्ष्मी नारद. लाहोरच्या ‘जमीनदार’मध्येही (१९४२) त्यांनी काम केलं. १९६४मध्ये त्यांचं निधन झालं, तेव्हा वयाची पन्नाशीही झाली नव्हती.

गळा आणि चेहरा वेगळे झाले

मग गाणाऱ्या नट्या गेल्या कुठे? उत्तर त्या हातभर अंतरात आहे. यंत्रात आवाज आणि चित्र वेगळेच होते, तेव्हा कधीतरी कोणाच्या मनात येणारच होतं, की गाणं आधी शांतपणे ध्वनिमुद्रित करावं आणि चित्रण नंतर सावकाश करावं. कोलकात्याच्या न्यू थिएटर्सने १९३५मध्ये हे करून दाखवलं. आधी सोय एवढीच होती, की नटीने स्वतःचंच गाणं दोनदा करायचं, एकदा गळ्याने आणि एकदा ओठांनी. पण ओठांवरचा आवाज आधीचाच असेल, तर तो दुसऱ्या कोणाचा का नसावा? ही पायरी ओलांडली आणि एका माणसाचं काम दोघांत वाटलं गेलं.

मास्टर विनायक यांच्या ‘सुभद्रा’त (१९४६) एका गाण्यात शांता आपटे आणि तेव्हा सोळा-सतरा वर्षांच्या लता मंगेशकर यांचे आवाज एकत्र आहेत. मावळता काळ आणि उगवता काळ एका गाण्यात भेटले, ते असे. तीनच वर्षांनी ‘महल’ (१९४९) गाजला, तेव्हा त्यातल्या प्रसिद्ध गाण्याच्या तबकडीवर गायिका म्हणून आधी लताबाईंचं नाव नव्हतं. तिथे पडद्यावरच्या पात्राचं, ‘कामिनी’चं नाव होतं. गळा चेहऱ्यापासून सुटा झाला होता, पण त्या गळ्याला स्वतःचं नाव मिळायचं होतं. ते पुढे मिळालं.

या वाटणीने खूप काही दिलं. गाणं न येणाऱ्या उत्तम अभिनेत्री पडद्यावर आल्या आणि मोठे गळे लाखो घरांत पोचले. भोर तालुक्यातल्या इंगवलीचे दादा कोंडके पडद्यावर इतके अस्सल आपले वाटतात, पण त्यांच्या कितीतरी गाण्यांना आवाज महेंद्र कपूर यांचा आहे, आणि ऐकताना आपल्याला ते खटकत नाही. ही सवय आपल्या कानाला इतकी लागली आहे की उलटं काही होतं हेच आपण विसरलो.

थोडक्यात

• सुरुवातीच्या बोलपटात गाणं आणि चित्रण एकाच वेळी होई, म्हणून नटीला गळा लागायचाच.
• आवाजाची वीज, विजेचा उजेड, उजेडाची फिल्मवर रेघ, अशा पायऱ्यांनी आवाज साठवला जाई.
• फिल्मवर शब्दाचा आवाज त्याच्या चित्रापेक्षा सुमारे २० चौकटी पुढे असतो.
• शांता आपटे यांनी गाताना खिळून उभं राहण्याची रीत मोडली आणि गाणं भूमिकेचं बोलणं केलं.
• ‘कुंकू’त पार्श्वसंगीत नाही, म्हणून त्यातला अभिनय उघडावाघडा, पारखून पाहता येतो.
• नटीच्या श्रमाचा प्रश्न त्यांनी उपोषणाने आणि पुस्तकाने जाहीरपणे मांडला.

काय पाहायचं?

प्रभातचा स्टुडिओ आज पुण्याच्या लॉ कॉलेज रस्त्यावर फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात उभा आहे. १९६०पासून तिथे नवी मुलं सिनेमा शिकतात. भोरहून पुण्याला कामानिमित्त आपण सगळेच जातो. कधी त्या रस्त्याने गेलात तर ते फाटक जरूर पाहा.

आणि ‘कुंकू’ पाहायला मिळाला, तर गाण्याच्या वेळी ओठांकडे बघू नका. ओठ सगळ्यांनाच हलवता येतात. ओळ सुरू होण्याआधीचा क्षण बघा, त्यात श्वास भरला जातो.

राजवाड्यातून घरी आल्यावर रात्री भाचीला मी मोबाईलवर ‘कुंकू’तला एक तुकडा दाखवला. पहिल्यांदा ती चित्र काळंपांढरं आहे म्हणून कुरकुरली. मग गाणं सुरू झालं. तिने मोबाईल माझ्या हातातून घेतला, डोळ्यांजवळ नेला आणि बराच वेळ काही बोलली नाही. शेवटी तिने स्वतःच्या गळ्यावर बोटं ठेवली आणि म्हणाली, “मामा, हिचं इथे हलतंय. ही गातेय.”